कीड धुरा ओळखत नाही

काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या नागपूर जिल्ह्याच्या पट्ट्यात किंवा शेजारच्या वरुड-मोर्शीत जुन्या संत्रा बागायतदाराशी बोलायला बसले, की एक शब्द हमखास येतो : कोळशी. कृषी विभागाच्या पत्रकात तिला काळी माशी म्हणतात आणि शास्त्राच्या पुस्तकात अल्युरोकॅन्थस वोग्लुमी. शेतकऱ्याने नाव ठेवले ते माशीवरून नव्हे, तिने मागे सोडलेल्या काजळीवरून. पानावरून बोट फिरवावे तर ते चुलीवरच्या भांड्याच्या बुडासारखे काळे होते. पाने काळी, फांद्या काळ्या, फळेही काळी. ‘बगिचा काळा पडला’ एवढे तीन शब्द कानावर आले, की पुढचे काही विचारावे लागत नाही.

झाड मारणाऱ्या किडीपुढे माणसे काय करतात, हा प्रश्न जगभर विचारला जातो. नागपूरकरांना तो संत्र्याने विचारला आहे. विदर्भात सव्वा ते दीड लाख हेक्टरवर संत्रा आहे. हे फळ भोसल्यांच्या काळात औरंगाबादहून इथे आले असे सांगतात. म्हणजे नागपूरची ओळख झालेले झाडही मुळात बाहेरचेच. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र मानांकन मिळालेल्या या झाडाला कोळशी, सिला, साल खाणारी अळी, डिंक्या आणि कोरडी विहीर यांनी वेगवेगळ्या काळात घेरले. त्याला आपण आजवर कसे तोंड दिले आणि कुठे चुकलो, त्याचा हा आढावा.

कोळशीचे चक्र

नावात माशी असली तरी ही घरमाशीच्या कुळातली नाही. ती पांढऱ्या माशीची बहीण. पंख तेवढे निळसर राखाडी. मादी कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला चकलीच्या वेटोळ्यासारखी अंडी घालते. अंड्यातून निघालेली पिल्ले थोडी फिरतात, मग एका जागी सोंड खुपसून बसतात ती बसतातच. काळी, काटेरी, कडेला पांढऱ्या मेणाची झालर असलेली ही पिल्ले पानातला रस ओढतात आणि शरीरातून गोड चिकटा सोडतात. तो खालच्या पानांच्या वरच्या बाजूवर टपटप पडतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. सूर्यप्रकाश अडला की पान अन्न तयार करू शकत नाही. झाड एका दिवसात मरत नाही, पण फुलोरा कमी होतो, फळ धरत नाही, नवती खुंटते. दोन-तीन हंगाम असे गेले की बाग उरते ती फक्त सातबाऱ्यावर.

मध्य भारतात या माशीच्या वर्षाला तीन पिढ्या होतात, आणि त्या संत्र्याच्या नवतीशी जुळवून येतात. आंबिया, मृग आणि हस्त या तिन्ही बहारांच्या वेळी कोवळी पालवी फुटते आणि तीच माशीची अंडी घालण्याची जागा. म्हणून फवारणीला मुहूर्त असतो : निम्मी अंडी फुटून पिल्ले बाहेर पडलेली असताना पहिली आणि पंधरा दिवसांनी दुसरी. काजळी दिसल्यावर पंप पाठीवर घेणारा उशिरा पोहोचलेला असतो. पानावर दिसते ती बुरशी. कीड पानाखाली आपले काम उरकून मोकळी झालेली असते.

ऐंशीच्या दशकात या माशीने विदर्भातल्या बागांना जेरीस आणले. त्याच दशकात, १९८५ मध्ये, नागपूरला लिंबूवर्गीय फळांचे संशोधन केंद्र सुरू झाले. १९८६ मध्ये ते राष्ट्रीय संशोधन केंद्र झाले. आज अमरावती रोडवर उभी असलेली केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था ती हीच. काटोलला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. सल्ल्याची वानवा नागपूर विभागात नव्हती आणि आजही नाही. वानवा दुसऱ्याच गोष्टीची आहे.

आपली माशी परदेशात आक्रमक ठरली

काळी माशी मूळची आशियातली. आपल्याकडे ती उपद्रवी असली तरी परकी नाही. तिच्या मागे मागे तिला खाणारे आणि तिच्या पोटात अंडी घालणारे शत्रूही इथेच वाढले आहेत. पण १९१३ मध्ये ती जमैकात सापडली आणि काही वर्षांतच क्यूबात पोहोचली. १९३४ मध्ये ती फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला की वेस्टमध्ये आणि १९३५ मध्ये मेक्सिकोत दिसली. तिथे तिला ओळखणारा एकही शत्रू नव्हता, म्हणून ती तिथे ‘आक्रमक’ झाली. मूळच्या शत्रूंचा ससेमिरा मागे सोडून नव्या मुलखात मोकाट वाढणारा जीव, असा या शब्दाचा अर्थ.

क्यूबाने १९३० मध्ये आग्नेय आशियातून गांधीलमाशीच्या जातीचा एक इवलासा परोपजीवी कीटक मागवला. तो काळ्या माशीच्या पिल्लात अंडे घालतो आणि त्याची अळी पिल्लाला आतून पोखरून टाकते. क्यूबातल्या बागा सावरल्या. मेक्सिकोच्या कोरड्या भागात मात्र तो कीटक टिकेना. तेव्हा १९४९-५० च्या सुमारास अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ भारत आणि पाकिस्तानातल्या बागांत आले. इथले अमायटस आणि एन्कार्सिया जातीचे परोपजीवी त्यांनी मेक्सिकोत नेऊन सोडले आणि त्यांनी माशी आटोक्यात आणली. १९७६ मध्ये माशी पुन्हा फ्लोरिडात शिरली. तिथल्या सरकारने आधी ती फवारून संपवण्याचा चंग बांधला. तो साधला नाही. मग तेच परोपजीवी सोडले गेले आणि प्रश्न मिटला.

हा इतिहास नागपुरात फारसा सांगितला जात नाही, आणि आपल्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. मेक्सिको आणि फ्लोरिडाच्या बागा वाचवणारे जीव आपल्या मुलखातून गेले. त्यांचे भाऊबंद आजही आपल्या बागेत आहेत; त्यांच्या जोडीला सेरांजियम हा छोटा ढालकिडा आणि क्रायसोपा हा भक्षक कीटक. संत्र्याच्या बागेत वर्षभर वारंवार जहाल औषधांची फवारणी होते तेव्हा सर्वांत आधी मरतात ते हेच. पिल्ले पानाच्या खालच्या बाजूला सुरक्षित राहतात, तर त्यांचे शत्रू उघड्यावर फिरत असतात. पुढच्या नवतीला माशी परत येते आणि तिला आवरणारे कोणी उरलेले नसते. मेक्सिकोने जे समुद्रापलीकडून मागवले, ते आपण पंपाने धुऊन टाकतो.

खरे परके पाहुणे

बाहेरून आलेल्या किडींची यादीही आपल्याकडे लांब आहे. ऑस्ट्रेलियातून आलेली पिठ्यासारखी आइसेरिया कीड १९२८ मध्ये निलगिरीत सापडली. तिचा बंदोबस्त कसा करायचा हे जगाला कॅलिफोर्नियाने आधीच दाखवले होते. १८८८-८९ मध्ये तिथल्या संत्राबागा याच किडीने बुडत असताना ऑस्ट्रेलियाहून वेडालिया ढालकिडा आणला गेला आणि दोन-तीन वर्षांत चित्र पालटले. भारतानेही तोच ढालकिडा मागवला. किडीला तिच्या माहेरच्या शत्रूनेच आवरायचे, ही रीत इथून रुजली.

महाराष्ट्राला जवळचे उदाहरण सुबाभळीचे. उरळी कांचनच्या ‘बायफ’ने, मणिभाई देसाई यांच्या पुढाकाराने, चारा आणि सरपणासाठी सुबाभूळ गावोगावी नेली. १९८८ मध्ये मध्य अमेरिकेतला, सुबाभळीवरचा सिला कीटक भारतात आला. सुबाभळीचे कोवळे शेंडे झडू लागले आणि ‘चमत्काराचे झाड’ एका हंगामात केविलवाणे दिसू लागले. तेव्हाही ढालकिडा बाहेरून मागवावा लागला. एकाच जातीचे झाड मैलोन्‌मैल लावले, की नव्या किडीसाठी पंगतच मांडल्यासारखे होते. हा धडा संत्रापट्ट्यालाही तितकाच लागू आहे.

पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोईमतूरला दिसला आणि पाहता पाहता महाराष्ट्रातल्या पपईबागांपर्यंत आला. शेतकरी फवारत राहिले, पिठ्या वाढत राहिला. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून तीन परोपजीवी कीटक बंगळुरूला आणून सोडले गेले. त्यांतल्या अॅसेरोफॅगस पपायीने बहुतेक काम केले आणि औषधाचा खर्च वाचला. नारळावरची चक्राकार पांढरी माशी २०१६ मध्ये तमिळनाडूतल्या पोल्लाचीजवळ आली आणि पुढे कोकणापर्यंत पसरली. तिच्या मागोमाग तिचा परोपजीवीही पोहोचला होता. म्हणून राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांना सांगितले, फवारू नका, थांबा. ‘काही करू नका’ हा सल्ला पचवायला सर्वांत कठीण असतो. डोळ्यांसमोर झावळ्या काळ्या पडत असताना हात बांधून बसणे सोपे नाही. पण ज्यांनी तो पाळला त्यांच्या बागांत परोपजीवी वाढले.

झाड एकट्या किडीने मरत नाही

किडीला सगळा दोष देणे सोयीचे असते, कारण ती दिसते. संत्र्याचे झाड नीट जपले तर तीस-चाळीस वर्षे फळ देऊ शकते. विदर्भात पुष्कळ बागा पंधरा-वीस वर्षांतच थकतात. त्यामागे चिकण काळी जमीन आहे, पाणी साचून मुळांना लागणारी फायटोफ्थोरा बुरशी आहे आणि तिच्यातून येणारा डिंक्या आहे. कलम डोळा जमिनीलगत बांधण्याची आणि खोडापर्यंत पाणी भरण्याची सवय या रोगाला आमंत्रण देते. बोर्डो मलम खोडाला लावणे, दुहेरी आळे करून पाणी खोडापासून दूर ठेवणे आणि जंबेरीऐवजी योग्य ठिकाणी रंगपूर लाइमचा खुंट वापरणे, ही कामे कोणत्याही फवारणीइतकीच मोलाची आहेत.

दुसरी बाजू पाण्याची. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या भागात संत्र्यासाठी विहिरी आणि बोअरवेल वर्षानुवर्षे खोल होत गेल्या. २०१९ च्या उन्हाळ्यात टँकरने पाणी घालूनही कित्येक बागा उभ्या वाळल्या. वाळलेल्या झाडावर साल खाणारी अळी आणि खोडकिडा आलेले दिसतात, आणि शेतकरी म्हणतो अळीने झाड मारले. वास्तविक अळी थकलेल्या, दुर्लक्षित बागेत आधी शिरते. तिने विणलेली भुशाची जाळी काढावी, भोकात तार घालून अळी मारावी, रॉकेलचा बोळा खुपसून वर चिखल लिंपावा, हा जुना उपाय आजही चालतो. तो स्वस्त आहे, पण त्याला माणूस आणि वेळ लागतो. मजुरी महाग आणि औषध उधारीवर मिळते म्हटल्यावर माणूस पंपच उचलतो.

त्या पंपाची दुसरी किंमत विदर्भाने २०१७ मध्ये पाहिली. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पीक कपाशीचे होते, पण औषधे मिसळून मारण्याची, तोंडाला फडके न बांधण्याची आणि दुकानदाराच्या सल्ल्यावर डोस ठरवण्याची पद्धत संत्रापट्ट्यातही वेगळी नाही. कीड आवरण्याचा खर्च मोजताना तो फवारणाऱ्या मजुराच्या अंगावर काय पडते, हेही त्याच वहीत लिहिले पाहिजे.

रोपाबरोबर येणारे संकट

कोळशीपेक्षा धोकादायक म्हणावी अशी कीड आपल्याकडे जुनीच आहे : सिट्रस सिला. आकाराने तिळाएवढा, शेपटी वर करून तिरका बसणारा हा कीटक रस शोषतो तेवढ्यावर थांबत नाही. तो ग्रीनिंग या रोगाचे जिवाणू झाडाझाडांत पोहोचवतो. पाने अर्धी पिवळी-अर्धी हिरवी होतात, फळे लहान आणि वाकडी राहतात, झाड हळूहळू खंगते. त्यावर इलाज नाही. फ्लोरिडात हा कीटक १९९८ मध्ये सापडला आणि रोग २००५ मध्ये. २००३-०४ च्या हंगामात तिथे संत्र्याच्या सुमारे २४.२ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये त्या १.५८ कोटींवर आल्या. चक्रीवादळांचाही त्यात हात होता, पण कंबर मोडली ती ग्रीनिंगने.

इथेही आपल्या मुलखाचाच एक जीव कामी आला. टॅमरिक्सिया रेडिएटा हा परोपजीवी कीटक १९२२ मध्ये तेव्हाच्या पंजाबातल्या लायलपूरच्या नमुन्यांवरून शास्त्राला माहीत झाला. १९७८ मध्ये तो भारतातून हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेला गेला आणि तिथे त्याने सिला आवरला. पुढे कॅलिफोर्नियानेही तो पाकिस्तानातल्या पंजाबमधून नेला. कोळशीची गोष्ट इथे पुन्हा दिसते : उपाय आपल्या बागेत, कदर दुसरीकडे.

सिला उडत जातो त्यापेक्षा लांब तो आणि त्याचा रोग रोपातून जातो. वरुड तालुक्यातले शेंदूरजनाघाट हे संत्रा रोपवाटिकांचे मोठे केंद्र. तिथून देशभर कलमे जातात. डोळा कुठल्या झाडाचा, मातृवृक्ष तपासलेला होता का, माती निर्जंतुक होती का, हे प्रश्न गाडी भरताना कोणी विचारत नाही. विचारला जातो तो भाव. नागपूरच्या संस्थेने शेंड्याचे सूक्ष्म कलम करून रोगमुक्त रोपे तयार करण्याचे तंत्र बसवले, पण मागणीच्या मानाने ती रोपे थोडी पडतात. केंद्र सरकारने २०२४ मध्ये स्वच्छ रोपे कार्यक्रमाला मंजुरी दिली. देशात उभ्या राहायच्या नऊ केंद्रांपैकी लिंबूवर्गीय फळांचे केंद्र नागपूरला ठरले आहे. गेल्या कित्येक वर्षांतली संत्रापट्ट्यासाठीची ही सर्वांत चांगली बातमी. मात्र स्वच्छ रोप महाग असणार, आणि ते घ्यायला शेतकऱ्याचे मन वळले नाही, तर केंद्राची इमारतच स्वच्छ राहील.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर १९१४ चा विध्वंसक कीड कायदा आणि २००३ चा वनस्पती संगरोध आदेश देशाच्या दाराशी पहारा देतात. देशाच्या आत, एका तालुक्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या रोपाच्या गाडीवर तसा पहारा नाही.

गाव एकत्र आले तर

विदर्भाला लागून असलेल्या मध्य प्रदेशात १९९७-९८ च्या सुमारास मंडला-दिंडोरीच्या सालवनात साल-बोरर या भुंगेऱ्याने थैमान घातले. लाखो झाडे गेली. वनखात्याने जुना उपाय काढला : सालाचे ताजे ओंडके ठेचून ठेवायचे, त्यांच्या रसाच्या वासाने भुंगेरे गोळा होतात, ते वेचून मारायचे. गावकरी, त्यांत बहुतेक आदिवासी, मजुरी घेऊन भुंगेरे वेचत होते. वेचणी उशिरा सुरू झाल्याची टीका झाली आणि झाडे तोडण्यावरून वाद कोर्टात गेला. तरी एक गोष्ट तिथे स्पष्ट झाली. जंगलाला एकच मालक होता, म्हणून एकाच वेळी, एकाच पद्धतीने काम करता आले.

संत्र्याच्या पट्ट्यात हजारो मालक आहेत. एकाने वेळेवर फवारले आणि धुऱ्यापलीकडच्याने नाही, तर पलीकडची माशी आठ दिवसांत इकडे. एकाने परोपजीवी जपले आणि शेजाऱ्याने जहाल औषध मारले, तर वाऱ्याबरोबर ते औषध पहिल्याच्याही बागेत येते. कोणाची बाग वाळून पडीक झाली, मालक शहरात राहायला गेला, तर ती बाग सगळ्या शिवाराची रोपवाटिका होते, किडींची. बागा व्यापाऱ्याला ठेक्याने दिल्या की त्या हंगामात त्यांची जबाबदारी कोणाची, हेच ठरत नाही.

फ्लोरिडाने याच अडचणीवर २०१० पासून शेजारी बागायतदारांचे विभाग पाडले आणि एका विभागात सगळ्यांनी एकाच आठवड्यात फवारणी करायची असे ठरवले. जिथे लोक टिकले तिथे सिला घटला. जिथे लोक गळाले तिथे योजनाही गळाली. कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये बागायतदारांकडून पेटीमागे वर्गणी घेण्याची सोय केली. त्या पैशातून सापळे लावले जातात आणि शहरातल्या घरामागच्या लिंबाच्या झाडांचीही तपासणी होते. कारण कीड आधी परसात येते, मग बागेत.

आपल्याकडे पायाभूत गोष्टी आहेत. कृषी विभागाचा ‘क्रॉपसॅप’ हा कीड सर्वेक्षण प्रकल्प २००९ पासून चालतो आणि पुढे त्यात फळपिकांचाही समावेश झाला. शेतकरी गट आहेत, उत्पादक कंपन्या आहेत, मोबाइल गट आहेत. नसते ते एवढेच : नवती फुटताच शिवारातल्या निवडक झाडांची पाने उलटून पाहणारे दोन-चार तरुण आणि त्यांनी सांगितलेल्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून फवारायचे किंवा सगळ्यांनी मिळून थांबायचे, असा गावाचा ठराव. पाणलोटासाठी, व्यसनमुक्तीसाठी, स्वच्छतेसाठी गावे ठराव करतात. कोळशीसाठी ग्रामसभेत विषय का नसावा? पडीक बागा काढण्याची जबाबदारी, रोप विकत घेताना एकत्र तपासणी आणि मजुरांसाठी सुरक्षेची साधने हे सगळे याच ठरावात बसते.

पाऊणशे वर्षांपूर्वी मेक्सिकोसाठी शत्रूकीटक हवे होते म्हणून शास्त्रज्ञांना समुद्र ओलांडून यावे लागले. आपल्याला फक्त धुरा ओलांडून शेजाऱ्याकडे जायचे आहे. तेही जमले नाही, तर कोळशीचा दोष माशीवर टाकता येणार नाही. यंदाची नवती फुटण्याआधी शेजाऱ्याच्या बागेत एक चक्कर मारा आणि पान उलटून बघा.